मांडणूरची बाळंतीण

“खाली हुबं राहून काय बगायलाव, पाव्हणं? नगर वर हाय.”

मी मान वर केली. गल्लीच्या डाव्या हाताला एका बसक्या घराच्या माळवदावर एक बाई उभी होती. वय साठीच्या आतबाहेर, लुगड्याचा काष्टा कसलेला, हातात लाकडी चोपणं. वैशाखाच्या उन्हात माती चोपून चोपून तिचा चेहरा तापला होता. मी तिला एवढंच विचारलं होतं, की मावशी, इथलं सातवाहनांच्या काळचं नगर कुठंशी आलं?

“वर कसं?” मी म्हणालो.

“शिडी हाय की तितं. या.”

ही गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, अहमदनगरच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो आणि एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या शहरांवर लिहीत होतो. मांडणूरवरचा लेख पिशवीत लिहून तयारच होता. खोटं कशाला सांगू, माझी पद्धतच तशी होती. आधी ग्रंथालयात बसून लेख लिहायचा, मग सुट्टीत त्या गावी जायचं आणि त्यात दोन झाडं, एक चहाची टपरी आणि एक म्हातारा घालून लेख पोस्टात टाकायचा. ‘आजही या मातीवर उभं राहिलं की रोमन व्यापाऱ्यांच्या पावलांचा आवाज ऐकू येतो’ हे वाक्य मी मांडणूरला पोचायच्या पंधरा दिवस आधी लिहिलेलं होतं, आणि त्याच्यावर बेहद्द खूश होतो.

शिडी चढून गेलो. समोर सव्वाशे-दीडशे माळवदं एकाला एक लागून पसरली होती, सगळी फिकट पांढरट मातीची.

“ही गावाची पांढरी,” बाई म्हणाली. “त्या टेकाडाची माती. ही वर घातली की पाणी टिपूस खाली येत न्हाई. दरसाल पावसाच्या आधी एक थर द्यायचा. आमी कुंभार. आट गाढवं व्हती आमची. मी आन् मालकांनी उभी हयात ही माती वाहिली. ह्या समद्या गावाच्या डोक्यावर जे हाय ना, ते आमीच आणून घातलंय.”

तिचं नाव केवळाबाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात गारगोटीचे आणि शंखाचे मणी ओवलेले होते. पावसाळ्यात माळवदाच्या पन्हाळीतून असे मणी खाली पडतात आणि गावातल्या बायका ते वेचून पोरांच्या करगोट्यात ओवतात, असं तिनं सांगितलं. ते मणी दोन हजार वर्षांचे होते हे मला दिसत होतं, आणि माझ्या लेखात त्यांचा पत्ता नव्हता.

मी मास्तरकी सुरू केली. “मावशी, जुन्या जागेचा एक नियम असतो. सगळ्यात जुनं ते सगळ्यात खाली.”

“टेकाडात आसंल,” ती म्हणाली. “माळवदावर उलटं हाय. आदी टेकाडाची वरची माती आणली, ती हितं खाली गेली. मग खोल खणत गेलो, ते हितं वर आलं. तुमी आत्ता ज्याच्यावर हुबं हाव, ते समद्यात जुनं.”

मी नकळत एक पाय उचलला. ती हसली नाही, पण चोपणं खाली ठेवून म्हणाली, “चला, टेकाड दावते. परवाच्या आत बगून घ्या. सुक्करवारी ऱ्हात न्हाई ते.”

गावाच्या पूर्वेला पांढरीचं टेकाड होतं. म्हणजे, होतं असंच म्हणायला पाहिजे. तीन भाग खणून नेलेले, सपाट. उरला होता तो पूर्वेकडचा एक कोपरा, दोन पुरुष उंच, माथ्यावर एक वाकडी बाभूळ. नगर म्हणावं असं एवढंच शिल्लक होतं. आणि तिथं आता धान्याचं गोदाम व्हायचं होतं. गुरुवारी पुरातत्त्व खात्याचे साहेब येऊन जागा बघणार, ना हरकतीच्या कागदावर सही करणार आणि शुक्रवारी सकाळी यंत्र लागणार, असं सगळं ठरलेलं होतं.

“एवढाच कोपरा कसा राहिला?” मी विचारलं.

“तितं बाळंतीण बसती,” केवळाबाई म्हणाली. “केस मोकळे सोडून. छत्तीस वर्सं झाली, तितं कुणी खोरं लावत न्हाई.”

मी मनात टिपून घेतलं. भुताची गोष्ट वाचकाला आवडते.

“पर यंत्राचा माणूस परगावचा हाय,” ती म्हणाली. “त्याला कशाची भ्या?” मग थोडा वेळ बाभळीकडे बघत राहिली. “मास्तर, तुमी शिकल्यालं. मला एक सांगा. त्या सायबाला काय दावलं म्हंजे यंत्र थांबंल?”

“जुन्या वस्तीचा पुरावा. पण मण्यांनी भागायचं नाही. मणी इकडचे तिकडे गेलेले. साहेब म्हणेल, वस्तू जागच्या जागी पाहिजे. ज्यानं ठेवली त्यानं जशी ठेवली तशी.”

“जागच्या जागी,” ती म्हणाली. “ठेवली तशी.”

“हो.”

मग तिनं गावाची वाट धरली.

धर्मशाळेत जेवायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच मला भाकरी खायला बोलावलं. ओसरीवर कुंभाराचं चाक पडून होतं, वर धूळ साचलेली. मी आपला सहज ते फिरवायला गेलो.

“फिरवा,” ती म्हणाली. “तुमाला चालतंय. आमच्यात बाईनं चाकाला हात लावायचा न्हाई. मालक गेल्यापून तसंच पडलंय.”

“मग चुली, रांजण?”

“चुली आमी हातानं करताव. हातानं काय बी वळावं, त्याला कोण न्हाई म्हणत न्हाई. चाक तेवढं गडीमाणसाचं.” तिनं माझ्या ताटात ठेचा वाढला. “आज काय करणार तुमी?”

“मी टेकाडाची कड खरवडून बघणार आहे. जागच्या जागी काही सापडलं तर उद्या साहेबांना दाखवता येईल.”

तिनं खुरपं काढून दिलं. मी उत्साहानं गेलो. उन्हात चार तास कड खरवडली आणि हाती आलं ते राखेचे डाग, खापराचे तुकडे आणि कोणाची तरी तुटकी चप्पल. माझ्या अंगात मात्र आता ईर्ष्या शिरली होती. असं वाटायला लागलं, की हा कोपरा गेला तर आपण लिहायचं तरी कशावर? कड सोडून मी वर चढलो आणि बाभळीच्या पूर्वेला खुरपं टेकवलं.

“तितं न्हाई.”

केवळाबाई पाण्याची कळशी घेऊन खाली उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माझा हात जागीच राहिला.

“मावशी, उद्या साहेब येणार,” मी चिडून म्हणालो. “तुम्हीच म्हणता यंत्र थांबवा, आणि तुम्हीच भुताला भिऊन बसलात तर कसं व्हायचं?”

ती वर आली. कळशी माझ्या हातात दिली.

“मला कामून भ्या वाटंल? ती बाळंतीण मीच बसवलीय.”

“म्हणजे?”

“म्हंजे हिरीवर पाणी भरताना मीच सांगितलं बायकांला, की सांजचं तितं बाळंतीण दिसती. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगावंच लागलं न्हाई.”

“कशासाठी पण?”

“हितं कुणी खणू नये म्हून.”

“का खणू नये?”

“पाणी प्या,” ती म्हणाली. “सायबाला येऊ द्या उद्या. मग काय ते मी बगते.”

मी पाणी प्यालो. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की पुढं विचारायची माझी छाती झाली नाही. आडमुठी बाई आहे, असं मनातल्या मनात म्हणून मी धर्मशाळेत येऊन पडलो.

गुरुवारी दहाच्या सुमाराला जीप आली. उखळीकर साहेब काटकुळे होते, डोळ्यांवर जाड भिंगं, हातात छत्री. बोलणं मोजकं. गोदामवाल्या मंडळींनी त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती, पण ते तिच्यात बसले नाहीत. तासभर त्यांनी टेकाड चारही बाजूंनी पाहिलं. मी खरवडलेली कड पाहिली आणि मी कोण हे विचारलं. मी सांगितलं. शिवाय मणी, माळवदं, सगळं धडाधड सांगून टाकलं.

“तुमचं म्हणणं खरं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “इथं मोठं नगर होतं. पण ते आता लोकांच्या घरांवर आहे. घरांवरच्या मातीला मी संरक्षण देऊ शकत नाही. इथल्या उरलेल्या मातीत वस्ती जागेवर शिल्लक आहे, असं मला दिसायला हवं. राख आणि खापरं वाहून आलेलीही असतात.” त्यांनी खिशातून पेन काढलं. “मला वाईट वाटतं.”

“थांबा,” केवळाबाई म्हणाली.

ती गर्दीच्या मागं उभी होती. पुढं आली, कुणाकडे न बघता टेकाडावर चढली, बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली आणि पूर्वेकडे तोंड करून पावलं मोजत चालायला लागली. अकराव्या पावलाला बसली. कमरेचं खुरपं काढलं. गावची माणसं दोन पावलं मागं सरकली, एकदोघांनी तिला हटकलंही. तिनं लक्ष दिलं नाही. मी आणि उखळीकर वर गेलो.

आजवर मी किती तरी माणसांना माती उकरताना पाहिलं आहे. तसं उकरताना कुणाला पाहिलं नाही. खुरप्यानं फक्त वरचा कडक पापुद्रा काढला आणि मग तिनं हातांनीच माती बाजूला करायला सुरुवात केली. झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी. हातभर खोल गेल्यावर लालसर गोलाई दिसली. मग आणखी एक. दोन मडकी आडवी निजवलेली, तोंडाला तोंड लावून.

उखळीकरांनी छत्री टाकली आणि गुडघ्यांवर बसले.

“कोणी हात लावू नका,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. मग माझ्याकडे वळून हळू बोलले, “दफनकुंभ आहे. लहान मूल गेलं की दोन मडक्यांत ठेवायचे आणि घरातच, जमिनीखाली पुरायचे. आईच्या जवळ राहावं म्हणून असेल. हे सातवाहनांच्या कितीतरी आधीचं. तीन हजार वर्षं तरी.”

सातवाहन, रोमन व्यापारी, त्यांची पावलं, सगळं एका क्षणात पोरकट वाटलं.

उखळीकर बराच वेळ वाकून बघत होते. मडक्याच्या काठावर बोटांचे ठसे होते. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. “चाकावरचं नाही,” ते पुटपुटले. “हातानं घडवलेलं.” मग त्यांनी मान वर करून केवळाबाईच्या हातांकडे पाहिलं. नंतर तोंडाकडे. तिनं नजर हलवली नाही.

“बाई, असं आणखी आहे इथं?”

“हाय.”

“कुठं?”

“हाय. पर ते मी दावणार न्हाई. एक पुरं हाय ना तुमाला?”

गोदामवाल्यांपैकी कुणीतरी खालून विचारलं, की उघडून बघायचं का आत काय आहे ते. उखळीकर झटकन उभे राहिले. “उघडायचं नाही. लगेच झाकून घ्या. ही जागा आता खात्याची.”

केवळाबाईनंच माती परत लोटली आणि तळहातानं थापली.

“म्हंजे हितं कुणी खोरं लावायचं न्हाई?” तिनं विचारलं.

“नाही.”

“यंत्र?”

“तेही नाही. कायद्यानं गुन्हा होईल.”

“कवापत्तर?”

“आमचं खातं स्वतः उत्खनन करेपर्यंत.” भिंगांआड त्यांचे डोळे किंचित हसले. “आमच्या खात्याचं काम तुम्हाला माहीत नाही, बाई. तीसेक वर्षं तरी काळजी करू नका.”

तीन दिवसांत पहिल्यांदाच ती हसली.

जीप गेली, माणसं पांगली. मला दुपारची एसटी पकडायची होती, पण पाय निघेना. टेकाडाच्या सावलीला ती बसली होती, तिथं जाऊन बसलो. मी भारावलेलो होतो. म्हणालो, “मावशी, तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा आईचं लेकरू तुम्ही छत्तीस वर्षं राखलंत.”

“ते राखलंय,” ती म्हणाली. “ते आजूनबी हाय तितंच. ते न्हाई दावलं मी.”

मला काही उमगेना.

“पोलिस ॲक्शन झाली, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. मला पोरगी झाली. पाचवी पुजली आन् साव्या दिशी ती गेली. बारसंबी न्हाई झालं, नाव न्हाई. मालक गाढवं घेऊन परगावी गेल्याले. घरात कुणीच न्हाई. माझ्या मनात यायचं, हिला नदीच्या कडंला पुरलं तर कोल्ही उकरतील.” ती हातातल्या खुरप्याची माती बोटानं काढत होती. “बाळंतपणाच्या आदी पंदरा दिस, हितली वरली माती नेऊन झाल्यावर खणताना मला ती दोन मडकी घावली व्हती. तोंडाला तोंड लावल्याली. एकाला बारीक चीर व्हती, त्यातून आत बगितलं आन् तसंच झाकलं. मडकी चाकावरची न्हवती. हातानं वळल्याली. मी तवाच वळखलं, बाईनं केल्यात. तिचा मालकबी गावाला गेल्याला आसंल.”

तिनं खुरपं खाली ठेवलं.

“मग मीबी केली. दोन. हातानं. चाकाला शिवले न्हाई. गवऱ्यांत भाजली आन् अंगणातनं उचलून हितं आणली. तिच्या लेकराच्या शेजारी निजवली माझी. बाभळीकडं पाठ केली की माझी उजव्या हाताला, दोघींत एक हात अंतर हाय. येकटी नको ऱ्हायला म्हून. पुढं रोज सांजच्याला येऊन बसायचे. केस बांदायचं भान नसायचं. कुणी तरी लांबून बगितलं आन् इचारलं, तितं कोण बसतंय? मी म्हणाले, बाळंतीण बसती. खोटं न्हाई बोलले मी.”

टेकाडाखालून एक बैलगाडी गेली.

“म्हणजे आज साहेबांना दाखवलंत ते…” मी म्हणालो.

“माझीच पोरगी दावली. न्हाई तर काय करणार? दोघींवर यंत्र गेलं आसतं. येकीला उघडं करावंच लागणार व्हतं. मग दुसऱ्या आईच्या लेकराला उघडं करायचा मला काय हक? तिला इचारायला ती थोडीच हाय? माझ्या लेकरावर माझा हक हाय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आन् तुमीच म्हणालाव की, ठेवली तशी पाहिजे. तशीच व्हती. मीच ठेवली व्हती.”

मला रडू आलं. एकतीस वर्षांचा माणूस, इतिहासाचा मास्तर, मी तिच्यासमोर रडलो. ती रडली नाही.

“हे लिवू नका,” ती म्हणाली.

“नाही लिहिणार.”

“मी हाय तवर कुणाला सांगूबी नका. आन् कवा खात्यानं खणायला काढलंच, तर तुमी हितं हजर ऱ्हावा. कुणाचं कोन्तं ते सांगायला कुणी तरी पाहिजे.”

मी शब्द दिला. परत आल्यावर पिशवीतला लेख फाडला आणि नवा लिहिला. त्यात माळवदावरचं नगर होतं, बाभळीची अकरा पावलं होती, आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं, तोंडाला तोंड लावून निजवलेलं मूल होतं. दुसऱ्या मुलाबद्दल अक्षरही नव्हतं. तो लेख गाजला. पाठ्यपुस्तकात आला. माझं जे काही नाव आहे ते त्या एका लेखाचं आहे, आणि त्यात चुकीचं मूल आहे, हे मी अडतीस वर्षं उरावर बाळगून आहे.

उखळीकरांचा अहवाल मी पुढं खटपट करून वाचला. ‘कुंभ हाताने घडवलेले. न उघडता जागीच ठेवले. शेजारी आणखी असल्याची माहिती मिळाली. काळ पडताळून पाहावा.’ तीन हजार वर्षं ते तोंडानं म्हणाले होते. कागदावर त्यांनी आकडा घातला नव्हता. ते हातांकडे का बघत राहिले होते, हे मला तो कागद वाचताना कळलं.

केवळाबाई शहाण्णव साली गेली. कोपऱ्याला तारेचं कुंपण आहे, निळी पाटी आहे. गावात आता सगळीकडे स्लॅब पडले. माळवदांची माती शेतांत गेली. बाळंतीण मात्र अजून दिसते म्हणतात.

मागच्या सोमवारी पेपरात बातमी वाचली. मांडणूरच्या उत्खननाला मंजुरी, काम दिवाळीनंतर. मी एकोणसत्तर वर्षांचा आहे, गुडघे गेलेत, मुलगा म्हणतो एवढ्या लांब जायचं नाही. मी पिशवी भरून ठेवली आहे. उत्खननाच्या प्रमुख डॉ. पल्लवी शेळगावकर म्हणून आहेत, तरुण आहेत, त्यांचा नंबर शोधून काढला आणि फोन लावला. माझं नाव ऐकून त्यांना फार आनंद झाला.

“सर, शाळेत तुमचा लेख होता आम्हाला. त्यामुळंच मी या विषयात आले.”

“त्या लेखात चूक आहे,” मी म्हणालो.

“कितीशी, सर?”

“एक हात. मी येईपर्यंत पूर्वेचा कोपरा उघडू नका. तिथं दोन लेकरं आहेत. डावीकडचं तुमचं. उजवीकडचं केवळाबाईचं आहे, ते उचलायचं नाही.”